वरच्या कॉमाची बाई

शाळेत मुलं मला 'वरच्या कॉमाची बाई' म्हणायची, हे मला रिटायर होताना कळलं. निरोप समारंभात आमच्या शिपायाने हार घालताना विचारलं, "बाई, आता वरचा कॉमा कोन बघनार?" आणि मी ते कौतुक समजून शाल-नारळाबरोबर घरी घेऊन आले. दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी शांतपणे सांगितलं की पोरं अशी नावं कौतुकाने ठेवत नसतात.

वरचा कॉमा म्हणजे अपॉस्ट्रॉफी. मराठी शाळेतल्या आठवीच्या वर्गाला तो शब्द म्हणायला लावला की अर्धा तास हसण्यातच जायचा, म्हणून हे सोपं नाव मीच काढलं होतं. नियम केवढासा. पुस्तकं एकापेक्षा जास्त असली तर नुसता एस लावा, वर काही नको. एका मुलीचं पुस्तक असेल तर मुलगी लिहा, मग कॉमा, मग एस. अनेक मुलींचं असेल तर आधी एस, मग कॉमा. मेन, विमेन, चिल्ड्रेन ही मंडळी एस न घेताच अनेक होतात, म्हणून त्यांना कॉमा आणि मग एस. झालं, संपलं. एवढ्याशा नियमाने मला बीपीची गोळी लावली.

कारण मी राहते भिवंडीत, धामणकर नाक्याला. घरातून भाजी आणायला निघाले की पहिला बोर्ड 'जेंट'स अँड लेडी'स टेलर'. त्याच्या शेजारी 'फ्रेश एग'स'. पुढे 'मोबाईल'स', 'वेडिंग कार्ड'स', 'टायर'स'. एका शाळेच्या बसवर तर बस ह्या शब्दातच यू आणि एसच्या मध्ये कॉमा होता, म्हणजे बु नावाचे कोणी गृहस्थ असावेत आणि ही त्यांची गाडी. फ्लेक्स छापणाऱ्याला मी एकदा गाठलंच. म्हटलं, बाबा रे, अंडी नुसती पुष्कळ आहेत, ती कोणाची मालक नाहीत, मग हे वर काय लोंबतंय? तो म्हणाला, "बाई, नुसता एस उघडा वाटतो. वर काहीतरी पायजे ना." म्हणजे प्रश्न व्याकरणाचा नव्हताच, अब्रूचा होता. मी घरी येऊन गोळी घेतली.

मग मी पर्समध्ये एक मार्कर ठेवायला लागले. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या बोर्डवरचा एक जादा कॉमा मी स्टुलावर चढून खोडला, तेव्हा सोसायटीच्या चेअरमनने घरी येऊन ह्यांना विचारलं की मॅडमची तब्येत बरी आहे ना. हे म्हणाले, तब्येत चांगली आहे, रिटायर झाल्यात. चेअरमनने मान हलवली, जणू सगळा उलगडा झाला.

अशा बाईच्या हाती ती सापडली.

नाक्यावर शेअर रिक्षात मी बसले होते, ती बाजूला येऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, मी. मागच्या बाकावरची." मागच्या बाकावरच्या म्हणजे निदान पाचशे मुली माझ्या हाताखालून गेल्या असतील. मग तिने सांगितलं की ती खारबावच्या पुढच्या पाड्यावरून चालत यायची आणि पहिल्या तासाला रोज उशीर व्हायचा. तेव्हा आठवली. पहिला तास माझा असायचा, आणि मी तिला रोज दाराबाहेर उभी करायचे. दहावीला ती इंग्रजीत राहिली. मग शाळा सुटली, त्याच पाड्यावर लग्न झालं, दोन मुली झाल्या. नवरा मिळेल ती मजुरी करायचा आणि ही एका गोडाऊनमध्ये कंत्राटदाराकडून पॅकिंगला जायची.

गोडाऊन म्हणजे आपल्याकडे आता कापडाच्या लूमपेक्षा जास्त झालीत, तेच. देशभरातून माल येतो, इथे पिशव्यांत भरतात, खोके बांधतात, आणि देशभर पाठवतात. पॅकिंगच्या बायकांना आख्खी शिफ्ट उभ्याने काम. आदल्या वर्षी एक खोका उचलताना तिच्या कमरेत चमक भरली होती, ती गेलीच नव्हती. रिक्षात बसतानासुद्धा ती हाताने सीट धरून हळूच टेकली, ते मी पाहिलं.

"बाई, कंपनी दोन बायांना चेकर करनार हाय," ती म्हणाली. "चेकरला बसून काम असतंय. कंपनीचं कार्ड मिळतंय, कंत्राटदाराचा संबंध न्हाय. पन इंग्रजी लेबल वाचता आलं पायजे. परीक्षा घेनार हायेत. तुम्ही शिकवाल काय?"

मी लगेच हो म्हटलं. माझ्या विषयात राहिली म्हणून ती उभ्याच्या कामाला लागली होती, तेव्हा तिच्या कमरेत थोडाफार माझाही हात होता. असं मनात आलं, पण तिला बोलून दाखवलं नाही. उपकार करायला निघालेल्या माणसाला असलं काही बोलवत नाही.

ती दर रविवारी दुपारी यायची. साइझ, रंग, कॉटन, पॉलिस्टर, बॅच नंबर, पेअर, डझन, उलटं धरू नका, ओलं करू नका, एवढंच तिला हवं होतं. चार रविवारांत ते झालं. ती हुशार होती, आणि ते मला शाळेत कधी दिसलं नव्हतं, कारण ती माझ्या तासाला वर्गाबाहेर असायची. पाचव्या रविवारी ती म्हणाली, बाई, आता जमतंय मला. तिथे मी थांबायला हवं होतं. पण हाताला खाज सुटली. मी घरातला छोटा फळा पुसला आणि वरचा कॉमा काढला.

"हे लेबलावर असतंय?" तिने विचारलं.

"असतं," मी म्हटलं. "चुकीचं असतं."

तिने नियम ऐकला, वहीत उतरवला, आणि थोडा वेळ पेन गालाला टेकवून बसली. मग म्हणाली, "म्हंजे चा-ची-चे असंल तर शेपटी. नुसतंच लई असंल तर शेपटी न्हाय."

बरोबर, मी म्हटलं.

"आन एकाचं का समद्यांचं, ते शेपटी कुठं हाय त्यावरून. आपन नाय का, पोराचा लिवतो, पोरांचा लिवतो. तितं टिंब, इतं शेपटी."

मी खुर्चीतून उठले. तीस-बत्तीस वर्षं मी हा नियम शिकवला, आणि मराठीतला अनुस्वार हेच काम करतो, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. पोराचा, पोरांचा. एवढं सोपं. मला तिचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला, कारण हे मला सुचायला हवं होतं. त्या दिवसापासून मी तिला कॉमाच शिकवला. अजून पाच-सहा रविवार. ती बिचारी येत राहिली. तिला वाटलं असेल, परीक्षेला हेच येणार.

परीक्षेला त्यातलं काहीच आलं नाही. तिला दहा लेबलं दिली आणि वाचायला सांगितली. तिने घडाघडा वाचली. तीन महिन्यांच्या ट्रायलवर तिला चेकर केलं. ती निळ्या दोरीचं कार्ड गळ्यात घालून मला दाखवायला आली, बरोबर पिशवीभर कंटोळी, रानातून सकाळीच काढलेली. ह्यांनी भाजी दोनदा वाढून घेतली आणि म्हणाले, चला, वरच्या कॉमाचा कोणाला तरी फायदा झाला. मी त्यांना म्हटलं, टोमणे मारू नका, जेवा.

तिचं काम तिने मला समजावून सांगितलं होतं, ते इथे सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चेकरच्या टेबलाला दोरीने एक नमुना बांधलेला असतो. ज्याचा माल, त्याने तो पाहून, त्यावर सही करून दिलेला असतो. त्याला ते ओके सॅम्पल म्हणतात. नवीन माल आला की प्रत्येक लॉटमधली एक पिशवी काढायची, नमुन्याशेजारी ठेवायची आणि बघायचं. जुळलं तर हिरवा स्टिकर. नाही जुळलं तर लाल. लाल लागला की तो लॉट गाडीत चढत नाही. बस, एवढंच. "डोकं न्हाय लावायचं बाई, डोळे लावायचे," ती म्हणाली होती. मी हसले होते. मला वाटलं, गंमत करतेय.

दोन महिने नीट गेले, रविवारची वही चालूच होती. कमरेचं दुखणं बरंच कमी झालं, असं ती म्हणायची, आणि चालताना दिसायचंही. मग एका रविवारी ती आली, पण वही उघडली नाही. मी खोदून खोदून विचारल्यावर बोलली.

लहान मुलांच्या कपड्यांचा मोठा लॉट आला होता. पिशवीवर छापलेलं होतं 'किड'स वेअर'. कॉमा एसच्या आधी.

"एका पोराचे कपडे," ती म्हणाली. "आन पिशव्या बघाव्या तर छतापातूर."

"मग?"

"मग मी लाल लावला."

सगळ्या लॉटला लाल. गाडी धक्क्याला लागलेली, हमाल बसून राहिले, ड्रायव्हर गाडीखाली चादर टाकून झोपला. दुपारनंतर इनचार्ज आला, त्याने पिशवी घेतली, नमुन्याशेजारी धरली. नमुन्यावरही 'किड'स वेअर'च होतं. हुबेहूब. कॉमासकट. खाली सही. त्याने चार माणसांदेखत तिला झापलं, फाईलला कागद लावला, आणि स्वतः बसून हिरवे स्टिकर लावून घेतले.

"तू त्याला नियम सांगितलास का?" मी विचारलं.

"तितं कोन नियम ऐकतोय, बाई."

"म्हणजे तू गप्प बसलीस."

"मिटलंय बाई ते," ती म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आता खरं सांगते. ती हे सांगत होती तेव्हा मला तिच्या कमरेची आठवणसुद्धा झाली नाही. मला आनंद झाला होता. आख्ख्या भिवंडीत, जिथे बसमालकापासून अंडेवाल्यापर्यंत सगळ्यांनी माझा कॉमा पायदळी तुडवला, तिथे एका बाईने त्या कॉमासाठी ट्रक थांबवला. आणि ती माझी विद्यार्थिनी. तिला झापतात म्हणजे काय? बरोबर असून? माझं डोकं फिरलं. ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, उद्या मी तिकडे जाणार. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिने बोलावलंय का?" मी म्हटलं, अशा बायका बोलावत नसतात, आपण जायचं असतं. ह्यांनी पान उलटलं.

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसले, खाकी कव्हर घातलेलं माझं व्याकरणाचं पुस्तक घेतलं आणि रिक्षा केली. गोडाऊनच्या गेटवर रजिस्टर होतं. नाव, वेळ, कोणाला भेटायचं, कामाचं स्वरूप. मी कामाच्या रकान्यात लिहिलं, चूक दुरुस्ती. वॉचमनने ते वाचलं आणि मला सलाम केला. त्याला वाटलं मी एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीची साहेब आहे. तसं त्याने वायरलेसवर कळवलंही.

इनचार्ज तिशीतला मुलगा होता. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि फार नम्र. मी भांडायच्या तयारीने गेले होते, त्याने मला खुर्ची दिली, कागदी कपात चहा मागवला, आणि म्हणाला, "बोलिए मॅडम." माझा निम्मा राग तिथेच वाया गेला. मी त्याला म्हटलं, मी शिक्षिका आहे, तुमच्या चेकर बाईंना मी शिकवते, आणि परवा त्यांच्यावर अन्याय झालाय. तो सावरून बसला. त्याच्या भिंतीवर पांढरा बोर्ड होता, त्यावर गाड्यांच्या वेळा होत्या. एका कोपऱ्यात जागा होती. मी उठले, मार्कर माझ्या पर्समध्ये होताच, आणि मी शिकवलं. एक मूल, अनेक मुलं, एका मुलाचं, अनेक मुलांचं. टिंब आणि शेपटीसुद्धा सांगितलं, तिचं नाव घेऊन. इतकं सुरेख मी कधी शिकवलं नसेल.

त्याला पटकन समजलं. आठवीच्या वर्गाला तीन तास लागायचे, त्याला दहा मिनिटं लागली. तो बोर्डकडे बघत म्हणाला, "मॅडम, आप तो बिल्कुल सही हैं. एसच्या नंतर पाहिजे होता."

"अर्थात."

"म्हणजे बाईंना हे माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे? पाठ आहे तिला."

"लॉट थांबवला तेव्हा?"

"तेव्हाच तर. तिने बघितलं, ओळखलं, आणि थांबवला. मुद्दाम थांबवला." मी 'मुद्दाम'वर चांगला जोर दिला, आणि वर म्हटलं, "तुमच्याकडे अशी दुसरी बाई दाखवा."

त्याने ड्रॉवरमधून एक फाईल काढली आणि तिच्यातला कागद वाचला. मग चेहरा तसाच नम्र ठेवून म्हणाला, "मॅडम, त्यांनी लिहून दिलंय की त्या दिवशी डोळ्यांसमोर अंधारी आली, बॅच नंबर चुकीचा वाचला म्हणून लाल लावला. मी म्हटलं, होतं असं कधी कधी. डोळे तपासून घ्या आणि काम करा."

चहा माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

"मॅडम, डोळे खराब असतील तर चष्मा आहे," तो म्हणाला. "पण नमुना समोर बांधलेला असताना कोणी आपल्या डोक्याने ठरवायला लागलं, तर त्याला चष्मा नाही. आज कॉमा. उद्या म्हणतील रंग चांगला नाही. पार्टीने सही केली आहे ना? पार्टीने उलटं छापून सही केली, तर आम्ही उलटंच पाठवतो."

हे मला कोणी नवीन सांगायला हवं होतं का? माझे वडील निजामपुऱ्यात लूमवर जॉबर होते, यंत्र बिघडलं की दुरुस्त करणारे. जेवताना ते एक गोष्ट नेहमी सांगायचे. एका व्यापाऱ्याने कापडाचा नमुना पाठवला, त्यात उभा एक धागा तुटलेला होता, बारीकशी रेघ दिसायची. वडिलांनी शेठला विचारलं, धागा भरून घेऊ का? शेठ म्हणाला, नमुन्यात नाही तर मालात नाही. सगळे तागे रेघेसकट विणले, माल पास झाला. पुढच्या खेपेला एका कारीगराने न राहवून तो धागा भरला, कापड कसं सुरेख निघालं, आणि आख्खा माल परत आला. नमुन्याशी जुळत नाही. वडील हसायचे, मीही हसायचे. तो कारीगर पुढे कुठे गेला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. हे सगळं मला त्या केबिनमध्ये आठवलं, पण सगळं बोलून झाल्यावर.

मी म्हटलं, हे बघा, तसं नव्हे, कदाचित तिला खरंच नीट दिसलं नसेल, मला काय माहीत. पण शिकवण्याच्या भरात मी इतकं ठासून बोलले होते की आता ते मलाच परत घेता येईना. त्याने तिला बोलावलं.

ती आत आली. मला बघून थबकली. मग तिची नजर बोर्डवर गेली, तिथे माझं अक्षर होतं, किड्स, आणि एसच्या पुढे ठसठशीत कॉमा. तिला काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही.

इनचार्ज म्हणाला, "आपने लिख के दिया आँख में अंधेरा आया. मॅडम बोलती हैं आपको सब पता था, जानबूझ के रोका. कौन सा सही है?"

ती एक शब्द बोलली असती, की बाईंचा गैरसमज झालाय, तर सुटली असती. त्याने तोच मानला असता, मला वाटतं त्याला मानायचाच होता. पण मग मी खोटी पडले असते, त्या चहाच्या कपासमोर, त्या पुस्तकासकट. मागच्या बाकावरच्या मुलीने बाईंना खोटं पाडायचं नसतं, हे तिला शाळेने शिकवलं होतं. म्हणजे मीच.

"हां साब," ती म्हणाली. "पता था."

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडले तरी असते. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी तिच्या डोक्यात भरलं, तिला शिक्षा कशाला. तो म्हणाला, "मॅडम, आपकी कोई चूक नहीं. आप तो सही हैं." मग त्याने वॉचमनला सांगून माझ्यासाठी रिक्षाही बोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती परत कंत्राटदाराकडे, पॅकिंगला, उभ्याने. निळ्या दोरीचं कार्ड तिने तिथेच काढून दिलं. मी ते बघायला थांबले नाही, पण त्याने ते मागितलेलं दाराबाहेर पडताना ऐकू आलं.

घरी ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, त्याला नियम समजला. हे म्हणाले, बरं झालं. मी आत जाऊन दार लावून घेतलं. रडू आलं नाही, स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तीन रविवार ती आली नाही. फोन केला की तिची मुलगी उचलायची आणि सांगायची, आई झोपलीय, ड्युटीवरनं आल्यावर तिला बसवत न्हाय.

चौथ्या रविवारी मी खारबावला उतरून पाड्यावर गेले. शाळेत असताना ती कुठून यायची ते मी पहिल्यांदा बघत होते. पाऊण तास चालले आणि दोनदा बसले. ती ओटीवर गोधडीवर आडवी होती, कमरेला लुगड्याची पट्टी घट्ट आवळलेली. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, उठू नकोस. ती उठलीच, भिंतीला धरून, आणि मला बसायला पाट दिला.

मी माफी मागितली. शाळेत मी कोणाची कधी मागितली नव्हती, त्यामुळे नीट जमली नाही. मधेच तिच्यासाठी दुसरीकडे कुठेतरी काम बघते, माझ्या ओळखीचे कोण कोण आहेत, असलं बोलायला लागले. ती ऐकत होती. मुलीने पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले आणि शेवटी जे तीन आठवडे डोक्यात भुणभुणत होतं ते विचारलं.

"अगं, पण त्या रविवारी मला एका शब्दाने सांगायचंस ना, की तू डोळ्यांचं कारण दिलंयस म्हणून. मी गेलेच नसते."

तिने पट्टीची गाठ जरा सैल केली, श्वास घेतला आणि म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही ते पन सुधारून आनायला लावलं असतं, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तशी ती बोलली. लावलंच असतं मी.